वसईच्या पाण्यात गळाला काय लावावे?

गळाला लावायचे आमिष दोन प्रकारचे असते. एक खरोखरीचे खाणे: कोळंबी, बांगड्याची पट्टी, गांडूळ, कणकेची गोळी. दुसरे खोटे: धातू, लाकूड, रबर किंवा प्लास्टिकचे, ज्याला आता सर्रास ल्यूअर म्हणतात. पहिले आमिष मासा मुख्यतः वासावर आणि चवीवर ओळखतो, दुसरे हालचालीवर आणि दिसण्यावर. वसई-विरारच्या पाण्यात यांपैकी कोणते चालेल हे ल्यूअरच्या खोक्यावरचे चित्र पाहून ठरत नाही. पाणी त्या दिवशी किती गढूळ आहे, यावरून ते ठरते.

वसई तालुक्याच्या उत्तरेला वैतरणेची खाडी आहे आणि दक्षिणेला उल्हास नदीचे मुख, म्हणजे वसईची खाडी. मधला अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव, रानगाव हा किनारा उथळ आहे, आणि दोन्ही खाड्यांतून येणारा गाळ भरती-ओहोटीबरोबर त्याच्यासमोर सतत फिरत असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याची पातळी सहा तासांत चार मीटरहूनही अधिक चढते-उतरते. तेवढे पाणी खाडीच्या तोंडातून आत-बाहेर करताना तळाचा चिखल ढवळून काढते आणि कोपरभर बुडवलेल्या हाताची बोटे दिसेनाशी होतात. अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी मंद वाहते, गाळ खाली बसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत वारा पडलेला असेल तर भांगाला पाणी चांगले निवळते. खोट्या आमिषाचे दिवस हेच. बाकी वर्षभर, विशेषतः पावसाळ्यात आणि उधाणाला, खऱ्या आमिषाशी बरोबरी करणे ल्यूअरला जड जाते.

भरतीची वेळ काढण्याचा कोकणातला जुना हिशोब अजूनही उपयोगी आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दिवसा आणि रात्रीही. त्यापुढे साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशोब थोडा इकडे-तिकडे होतो, म्हणून छापील भरती-ओहोटीचे कोष्टक जवळ ठेवावे. पण रविवारी गळ टाकायला जाण्यात अर्थ आहे की नाही, हे घरात दिनदर्शिका पाहूनही कळते. पाणी चढू लागल्यावरचे पहिले दोन तास आणि ओहोटी सुरू होतानाचा तास-दीड तास मासे खाण्यावर असतात. पाणी पूर्ण थांबते तेव्हा बहुतेक मासेही थांबतात.

माशाला आमिष कसे कळते हे समजले की निवड सोपी होते. शिंगाळ्याच्या मिशांवर आणि अंगभर चव घेणाऱ्या पेशी असतात. चिखलात डोळे बंद असल्यासारखा फिरूनही तो आमिषापर्यंत अचूक पोहोचतो. वाम रात्री वासामागे येते. बहुतेक माशांच्या दोन्ही कुशींवरून जाणारी पार्श्वरेषा पाण्यातली कंपने टिपते, म्हणून गढूळ पाण्यातही तडफडणारी बोई जिताड्याला दुरून जाणवते. रावस हा जिताड्यापेक्षाही वेगळा गडी. त्याच्या डोळ्यांवर चरबीचा पारदर्शक पडदा असतो आणि छातीखाली चार लांब तंतू असतात, त्यांनी तो तळ चाचपतो. मरळ मात्र बऱ्याच अंशी डोळ्यांनी शिकार करतो. म्हणजे शिंगाळ्यासमोर चकाकता धातूचा ल्यूअर फिरवणे आणि मरळासमोर शिळ्या बांगड्याचा तुकडा टाकून बसणे, दोन्ही सारखेच व्यर्थ.

खाडीतले सर्वांत भरवशाचे आमिष कोळंबी. जिताडा, रावस, तांबोशी, ढोमा, पालू, शिंगाळा, मुडदुशी यांपैकी कोळंबी न खाणारा मासा नाही. जिवंत कोळंबी मिळाली तर गळ तिच्या कपाळावरच्या काट्याखालून आडवा काढावा, मात्र आत दिसणारा काळसर ठिपका वाचवावा. तो दुखावला की कोळंबी जागीच मरते. ओढ जोरात असेल तर शेपटीच्या बाजूने दुसऱ्या पेरात गळ घालावा, म्हणजे ती पाण्यात उलटी फिरत नाही. मेलेली कोळंबी शेपटीपासून ओवून गळ पोटाच्या बाजूने बाहेर काढावा आणि टोक उघडे ठेवावे. टोक मांसात गाडले तर मासा आमिष तोंडात घेऊन सुखरूप निघून जातो. मुडदुशीसारख्या लहान तोंडाच्या माशासाठी सोललेल्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा पुरतो. अख्खी कोळंबी लावली तर ती फक्त कुरतडली जाते.

कोळंबी बर्फावर ठेवावी, बर्फाच्या पाण्यात नव्हे. वितळलेल्या गोड्या पाण्यात ती तासाभरात पांढरी पडते आणि ज्या रसांच्या वासावर मासा येतो तेच धुऊन जातात. वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात बर्फाच्या थरावर ठेवलेली कोळंबी दुपारपर्यंत टिकते. उरलेली फेकण्याऐवजी सोलून तिच्यावर जाडे मीठ पसरावे. मिठागरांच्या या तालुक्यात जाड्या मिठाची वाण नाही. खारवलेले मांस घट्ट होते, फेकताना गळावरून सुटत नाही आणि पुढच्या खेपेला उपयोगी येते. डोके काळे पडलेली, वास मारणारी कोळंबी शिंगाळ्याला चालते. रावसाला आणि जिताड्याला ताजीच लागते.

मोठ्या जिताड्यासाठी, म्हणजे बाजारात खजुरा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माशासाठी, वीतभर जिवंत बोईला तोड नाही. बोई पागाने, म्हणजे फेकजाळ्याने, खाडीच्या कडेला मिळते. बादलीत खाडीचेच पाणी घ्यावे, नळाचे नको. नळाच्या पाण्यातले क्लोरीन तिला मारते. एका बादलीत पाच-सहापेक्षा अधिक बोई ठेवू नयेत आणि पाणी तापू लागले की बदलावे. गळ वरच्या ओठातून घातला तर ओढीत बोई नैसर्गिक पोहते. पाणी थांबलेले असेल तर पाठीच्या पराच्या जरा पुढे, कण्याच्या वरून घालावा, म्हणजे ती खाली जायला धडपडते आणि कंपने अधिक होतात. पुलांचे खांब, जुने धक्के, कांदळवनातून खाडीला मिळणाऱ्या लहान ओहळांची तोंडे या जागी जिताडा दबा धरून असतो. ओहोटीत ओहळातून लहान मासे आणि कोळंबी बाहेर पडतात, त्या तोंडाशी आमिष सोडावे. जिताडा तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो. जोराचा झटका न देता तंगूस ताणू द्यावा.

तळाच्या माशांसाठी तेलकट मासळीची पट्टी स्वस्त आणि परिणामकारक असते. बांगडा किंवा तारली घेऊन पाठीच्या मांसाची बोटभर लांब, तिरकी पट्टी कातडीसकट कापावी. गळ कातडीतून दोनदा ओवावा. मांस सुटले तरी कातडी धरून ठेवते. शिंगाळा, वाम, पाखट यांना हे आमिष पुरेसे आहे. मांदेली नाजूक असते, तीन-चार एकत्र दोऱ्याने बांधल्या तर चालतात. बोंबलाला वसईच्या ताटात कितीही मान असो, गळावर तो टिकत नाही; अंगात पाणीच इतके की पहिल्याच फेकीला निम्मा गळून पडतो.

माकुलाची पट्टी हा अनुभवी गळवाल्यांचा राखीव उपाय आहे. ती चिवट असते, खेकडे आणि लहान मासे तिला सहज खाऊन टाकत नाहीत, आणि ओढीत लांबट पट्टी वळवळत राहते. कोळंबी दर पाच मिनिटांनी गायब होत असेल तेव्हा माकूल लावावे. तांबोशी आणि पालू यांना अंगठ्याएवढी चिंबोरी आवडते. तिच्या नांग्या काढून मागच्या पायाच्या खोबणीतून गळ घालावा. अंडी धरलेली मादी चिंबोरी असेल तर ती पाण्यात सोडावी. कालवे आणि तिसऱ्यांचे मांस मऊ असल्यामुळे बारीक लवचीक दोऱ्याने गुंडाळल्याशिवाय उपयोग नाही. चिखलातले समुद्री किडे मुडदुशीला उत्तम, पण त्यांच्यासाठी कांदळवनाच्या मुळांत खणणे टाळावे. ते झाडांच्या मुळावर येते, आणि कांदळवनाची हानी करण्यास उच्च न्यायालयाची मनाई आहे.

गोड्या पाण्याची रीत वेगळी. वसई-विरारमध्ये गावोगाव तळी आहेत, त्यांत टिलापिया सर्वत्र आणि काही ठिकाणी सोडलेले कटला, रोहू, मृगळ आहेत. कटल्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते आणि तो पाण्याच्या वरच्या थरात खातो. मृगळाचे तोंड खालच्या बाजूला, तो तळ उकरतो. रोहू या दोघांच्या मधल्या थरात. म्हणून एकच कणकेची गोळी कटल्यासाठी बुचाखाली अडीच-तीन फुटांवर लटकवावी आणि मृगळासाठी शिशाने तळाशी बसवावी. कणकेत शेंगदाण्याची किंवा खोबऱ्याची पेंड, भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ आणि थोडा गूळ घालून घट्ट मळावे. पाण्यात लवकर विरघळू नये म्हणून कापसाचे चार तंतू मिसळतात. टिलापियाला वाटाण्याएवढी, रोहूला बोराएवढी गोळी. टिलापिया, शिंगटा आणि पावसात तळ्याबाहेर येणाऱ्या लहान माशांना गांडूळ पुरते. ते एका टोकाला लोंबते ठेवावे. पेंडेचा चारा आधी थोडा टाकून मासे जमवण्याची पद्धत आहे, पण पोट भरेल इतका चारा टाकणाऱ्याला मासा मिळत नाही.

उसगाव, पेल्हार आणि पापडखिंड ही धरणे शहराला पिण्याचे पाणी देतात, तिथे चारा किंवा आमिष टाकणे योग्य नाही. गावतळी बऱ्याचदा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. परवानगी घेतल्याशिवाय गळ टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतात शिरणे. तुंगारेश्वर अभयारण्याच्या हद्दीतले ओढे सोडूनच द्यावेत.

गळाने मासे धरण्याचा छंद साहेबाबरोबर आला अशी समजूत आहे, पण ती खरी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मत्स्यविनोद नावाचे प्रकरण आहे, आणि त्यात माशांचे प्रकार, त्यांचे खाणे आणि गळाने मासे धरण्याची रीत सांगितलेली आहे. साहेबाबरोबर आली ती खोटी आमिषे. आज सर्वांत प्रसिद्ध असलेला मिनो, म्हणजे लहान माशाच्या आकाराचा ल्यूअर, फिनलंडच्या लॉरी रापाला या मच्छीमाराने १९३६ मध्ये घडवला. दुखावलेला मासा थव्यातून डगमगत वेगळा पडतो आणि मोठा मासा नेमका त्यालाच उचलतो, हे त्याने पाहिले होते. आजही चांगल्या मिनोची परीक्षा तीच: तो डगमगतो का?

वसईच्या खाडीत पहिला ल्यूअर घ्यायचा तर मिनो नव्हे, मऊ प्लास्टिकची मासोळी घ्यावी, वल्ह्यासारख्या रुंद शेपटीची. तिला शिसे बसवलेला जिगचा गळ लावतात. शेपटी पाण्यात थपथपते आणि गढूळ पाण्यातही पार्श्वरेषेला जाणवते. भांगाच्या पाण्यात सात ते दहा ग्रॅम, उधाणात चौदा ग्रॅम किंवा त्याहून जड शिसे लागते. तळाला टेकल्याचे हाताला कळले पाहिजे, हाच निकष. तळाला टेकू द्यावे, काठीच्या टोकाने वीतभर उचलावे, पुन्हा पडू द्यावे आणि दर दोन-तीन उचलींनंतर क्षणभर थांबावे. जिताडा बहुधा या थांबण्यातच घेतो. नवख्यांची सार्वत्रिक चूक म्हणजे घाईने रीळ गुंडाळणे.

रंगाविषयी दुकानात पुष्कळ सांगितले जाते. त्यातले थोडे लक्षात ठेवावे. तपकिरी पाण्यात निळा प्रकाश लवकर शोषला जातो, पिवळा आणि तांबडा त्यामानाने आत जातो. म्हणून गढूळ पाण्यात पोपटी-पिवळा, सोनेरी किंवा पांढरा. रात्री आणि पहाटे काळा, कारण वरच्या उजेडावर त्याची आकृती ठळक दिसते. निवळ पाण्यात रुपेरी आणि बोईसारखा. आत खुळखुळणारे मणी असलेला ल्यूअर गढूळ पाण्यात अधिक चालतो. याहून बारीक भेद करणे हा मासा पकडण्यापेक्षा ल्यूअर जमवण्याचा छंद आहे.

स्पून म्हणजे चमच्याच्या पाळीसारखा धातूचा पत्रा. तो दूर फेकला जातो, म्हणून मोकळ्या किनाऱ्यावर, वाऱ्याविरुद्ध, रावसासाठी चालतो. फिरत्या पात्याचा स्पिनर लहान तळ्यांत चांगला. पॉपर पाण्याच्या पृष्ठभागावर ‘पॉप’ असा आवाज करतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला, पाणी शांत असताना आणि लहान मासे वर उडताना दिसत असतील तरच त्याचा उपयोग.

मरळासाठी रबरी बेडूक. शेवाळ आणि जलपर्णीने भरलेल्या तळ्यात बाकी सर्व ल्यूअर अडकतात. बेडकाचे दोन्ही गळ पाठीला चिकटलेले असल्यामुळे तो पानांवरून घसरत येतो. पानांच्या कडेला तो थांबवावा, दोनदा हलवावा. मरळाने झडप घातल्यावर लगेच ओढू नये. एक-दोन मोजून, काठीवर वजन जाणवल्यावर झटका द्यावा. खरा बेडूक लावण्याची गरज उरत नाही आणि लावूही नये, कारण आपला मोठा बैलबेडूक वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहे. पावसाळ्यात तांबूस पिल्लांचा घोळका पाण्यावर फिरताना दिसला तर खाली त्यांचे आईबाप राखण करत असतात. त्या वेळी ते कोणत्याही ल्यूअरवर धावतात, पण ते भुकेने नव्हे. त्यांना धरले तर पिल्ले दिवसभरात संपतात. तिथून गळ उचलून दुसरीकडे जावे.

खऱ्या आणि खोट्या आमिषाचे भांडण मिटवणारी एक सोय आहे. जिगच्या गळावर मऊ मासोळीऐवजी किंवा तिच्याबरोबर माकुलाची बोटभर पट्टी लावावी. हालचाल ल्यूअरची, वास माकुलाचा. वसईच्या गढूळ पाण्यात वर्षाचे आठ महिने ही जोडी नुसत्या प्लास्टिकपेक्षा सरस ठरते.

आमिष चांगले आणि गळ चुकीचा, असेही पुष्कळदा घडते. गळाचा क्रमांक वाढत जातो तसा तो लहान होतो. शून्याच्या मापात मात्र उलटे, क्रमांक वाढला की गळ मोठा. मुडदुशी आणि टिलापियाला आठ ते दहा क्रमांक, ढोम्याला चार, जिताड्याला दोन-शून्य ते चार-शून्य. जिवंत आमिषाला टोक आत वळलेला सर्कल हुक लावावा. मासा वळला की तो जबड्याच्या कोपऱ्यात रुततो, आतड्यात जात नाही, आणि मासा सोडायचा असेल तर जिवंत सोडता येतो. त्याला झटका द्यायचा नसतो. शेवटचा हातभर तंगूस जाड घ्यावा, कारण जिताड्याच्या गालाची कड धारदार असते. शिंगाळ्याच्या परांचे काटे विषारी असतात; टोचल्यास हात सोसेल तितक्या गरम पाण्यात ठेवल्याने वेदना उतरते, आणि सूज राहिली तर डॉक्टर गाठावा.

आमिष एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जिवंत नेऊ नये. तळ्यातले टिलापिया खाडीत आणि बाजारातून आणलेले मासे तळ्यात सोडल्यानेच परके मासे सगळीकडे पसरले आहेत. थाई मागूरच्या संवर्धनावर देशात बंदी आहे ती त्याने स्थानिक मासे फस्त केल्यामुळेच. तुटलेला तंगूस आणि फाटलेली प्लास्टिकची मासोळी खिशात घालून घरी आणावी. खाडीत डोलीचे खुंट आणि जाळी लावलेली असतात, त्यांच्या जवळ ल्यूअर फेकला तर आपला ल्यूअर जातो आणि कोळ्याचे जाळे फाटते. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी यांत्रिकी नौकांसाठी असली, तरी त्या महिन्यांत खाडीच्या तोंडाशी जमणारे मासे अंडी घालायला आलेले असतात, हे काठीवाल्यानेही ध्यानात घ्यावे. २०२३ मध्ये राज्य सरकारने ५४ प्रजातींसाठी किमान आकारही ठरवून दिला आहे. ती यादी मत्स्यव्यवसाय विभागाकडे मिळते.

जिताड्याच्या बाबतीत लहान मासा सोडणे पुरेसे नाही. हा मासा आधी नर असतो आणि काही वर्षांनी, साधारण हाताच्या लांबीहून मोठा झाल्यावर, मादी होतो. खाडीत मिळणारा दहा किलोचा जिताडा जवळजवळ नेहमी मादीच असतो आणि एका हंगामात ती लाखोंनी अंडी घालते. ताटासाठी दोन-तीन किलोचा ठेवावा. त्याहून मोठा गळाला लागला तर पाण्यातच गळ काढून तो सोडून द्यावा.